प्लगइन सापडणे आणि प्लगइन जुळणे
एनएसआयएस या विंडोजसाठी इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनात प्लगइनची डीएलएल (जोड-कोडची फाइल) योग्य फोल्डरमध्ये ठेवली की प्लगइनचा प्रश्न सुटतो, हे म्हणणे मला अर्धेच पटते. तिसऱ्या आवृत्तीपासून आन्सी आणि युनिकोड (मजकूर साठवण्याची जुनी आणि नवी पद्धत) प्लगइनसाठी वेगळे फोल्डर आहेत हे खरे. पण इन्स्टॉलर तयार करणारा कंपायलर डीएलएलमधील फंक्शनची नावे तेवढी पाहतो, ती डीएलएल मजकूर कोणत्या पद्धतीने वाचते हे तपासत नाही. आमच्याकडे एक जुनी आन्सी डीएलएल चुकून युनिकोड फोल्डरमध्ये गेली. बिल्ड (इन्स्टॉलर तयार होण्याची प्रक्रिया) विनातक्रार पूर्ण झाला, आणि प्लगइनला फाइलच्या पूर्ण पाथऐवजी ड्राइव्हचे ‘सी’ हे एकच अक्षर मिळाले, कारण युनिकोड इन्स्टॉलर वापरतो त्या युटीएफ-१६ पद्धतीत त्या अक्षरामागून येणारा शून्य बाइट आन्सी कोड मजकुराचा शेवट समजतो. प्लगइनने आपली पद्धत जाहीर करावी आणि ती जुळत नसल्यास बिल्ड तिथेच थांबावा, ही सोय मला सर्वांत निकडीची वाटते.