पणजोबांच्या पेटीतली गमतीची पोस्टकार्डं : साल कसं ओळखायचं?

कपाशी_दारव्हा
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळ आमचं जुनं घर आहे. यंदा पावसाआधी कवेलू फेरताना माळ्यावर पत्र्याची पेटी सापडली, आत अकरा पोस्टकार्डं. पणजोबा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. साहेबाला विलायतेहून आलेली कार्डं त्यानं टाकली की ते घरी आणत, असं आजी सांगायची. पत्त्यात यवतमाळचं स्पेलिंग जुनं, वाय-ई-ओ-टी-एम-ए-एल.

एकावर समुद्रकाठी लाल नाकाचा जाडा माणूस, खाली इंग्रजीत विनोद, कोपऱ्यात डोनाल्ड मॅकगिल अशी सही. एकावर नऊवारीतली मोलकरीण, कमरेवर हात, नजर तिरकी. ते मुंबईहून आलेलं, त्यावर धुरंधर असं वाचता येते. यांचं साल कसं काढू? आणि ही मागाहून छापलेली नक्कल नाही, हे कशावरून समजायचं?

एक चूक झाली. तिकीट सुटं करायला एक कार्ड पाण्यात ठेवलं, तर जांभळी शाई सगळी पसरली. शंभर वर्षं टिकलेलं अक्षर माझ्या हातून गेलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

भिंगवाला_अकोला
दादा, उरलेल्या दहांची तिकिटं काढू नका. तिकीट, टपालाचा ठसा आणि अक्षर जागेवर असलं तरच कार्डाची कुंडली मांडता येते.

आधी मागची बाजू बघा. मधे उभी रेघ आहे का? इंग्लंडात पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला लिहायची मुभा १९०२ साली मिळाली. त्याआधी मागे फक्त पत्ता, मजकूर चित्राच्या बाजूला कोंबायचा. रेघ नसेल तर कार्ड बहुधा त्याआधीच्या छपाईचं, पण दुकानदार जुना माल विकतच राहायचे, म्हणून शेवटचा शब्द ठशाचा. ठसा पुसट असेल तर तिकिटावरचा राजा बघा. सातवा एडवर्ड १९०१ ते १९१०, पुढे पाचवा जॉर्ज १९३६पर्यंत. दाढी दोघांनाही, टक्कल एडवर्डला. बारीक अक्षरात ‘प्रिंटेड इन सॅक्सनी’ किंवा ‘जर्मनी’ असेल तर छपाई बहुतेक १९१४च्या लढाईआधीची. इंग्रजी विनोदाची ढीगभर कार्डं तेव्हा जर्मनीत छापून यायची.

मॅकगिल म्हणजे विनोदी कार्डांचे इंग्रज चित्रकार. त्यांच्या नुसत्या सहीवर साल ठरवू नका. त्यांनी १९०४च्या सुमारास सुरुवात केली, वारले १९६२ला, आणि त्यांची चित्रं पुन्हा पुन्हा छापली गेली.

नकलेसाठी दहापट भिंग घ्या. जुन्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, रंगाचे ठिपके वेडेवाकडे, बाजरी सांडल्यासारखे दिसतात. आजच्या छपाईत चार रंगांचे ठिपके फुलासारखे गोल बसतात. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखालीही धरा. कागद निळसर चमकला तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा, कारण कागद पांढराशुभ्र करणारं ते रसायन त्यानंतरच आलं.

धुरंधरांचं कार्ड मात्र जिवापाड जपा. कोल्हापूरचा चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, तिथंच शिकवलं. विलायती कार्डांत आपली माणसं बहुधा तमाशा म्हणून यायची. त्यांच्या चित्रातली मोलकरीण आपल्याच गल्लीतली वाटते, तिचा तोरा ओळखीचा वाटतो. मला त्यासाठी ती कार्डं सगळ्यांत प्रिय आहेत.

मोर्शीची_संत्री
भाऊ, लॅमिनेशन नका करू बाप्पा! माह्या मावशीनं चार कार्डं हौसेनं करून घेतली, आता ते प्लास्टिक काही केल्या निघत नाही. चिकटपट्टीबी नको, आपल्या उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळते आन् कागदात पिवळा डाग उतरते. पॉलिस्टरच्या पिशवीत एकेक ठेवा. टिनाखालच्या खोलीत नका ठेवू. कसर लागली का ते दर पावसाळ्यात पाहत जा.

कपाशी_दारव्हा
तुमचे लई उपकार. काल रात्री भिंग घेऊन बसलो. मॅकगिलच्या कार्डामागे रेघ आहे, राजा टकला, ठसा १९०८चा. धुरंधरांच्या कार्डावर ठिपके बाजरीसारखेच सांडलेले, दिव्याखाली कागद मळकटच राहिला.

आणि रेघ नसलेलं एक निघालं. चित्रात छत्री उलटी झालेला पाद्री, त्याच्या डोक्यावरच्या आभाळात बारीक अक्षरात मजकूर. पुतण्यानं वाचून दाखवला. लिहिणाऱ्यानं विचारलं आहे, तिकडे पाऊस आला का, आणि कापूस कसा आहे.