परक्या भाषेच्या खिडकीवर: तुमचे अनुभव लिहा

मुलाच्या शाळेत फोन लावला होता. ‘इंग्रजीसाठी एक दाबा, स्पॅनिशसाठी दोन.’ स्पीकर चालू होता. सासूबाईंनी विचारलं, “मराठीला किती?”

त्यावरून हा धागा. दवाखाना, सरकारी खिडकी, बँक, बस, कुठंही भाषेनं अडवलं असेल किंवा कुणी सोडवलं असेल, तर लिहा. परदेशातलंच हवं असं नाही. ‘ज्या देशात राहता तिथली भाषा शिका’ हे सगळ्यांना पाठ आहे, ते नको. प्रसंग सांगा.

सुरुवात माझीच, न्यू जर्सीतून. सासूबाईंची कंबर धरली. सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला इथं दुभाषी फुकट द्यावा लागतो. १९६४च्या नागरी हक्क कायद्यातून ते आलंय. मराठी दुभाषी मिळायला वेळ लागेल म्हणाले, तर सासूबाई म्हणतात, “हिंदी येतं की मला!” मी गाडी लावून आत पोचले तेव्हा त्या फोनवर सांगत होत्या, “कमर में चमक भरी है.” पलीकडच्या बाई गप्प. मग त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, पेशंटची कंबर चकाकतेय. नर्सनं झगा बाजूला करून पाहिलंसुद्धा!

तेरा वर्षांचा मुलगा म्हणाला, मी सांगतो. नर्सनं त्याला थांबवलं, मुलांना हे काम देत नाही म्हणाली. मला रागच आला. पण पुढचा प्रश्न लघवीवर ताबा आहे का, हा होता. नातवाच्या तोंडून तो ऐकून आजीनं खरं उत्तर दिलं असतं का? वीस मिनिटांनी मराठी बाई लाइनवर आल्या. “आजी, उसण भरलीय का?” मग आमची आजी दुखणं सोडून त्यांचं गाव विचारायला लागली.

वाचकांचे प्रतिसाद

जर्मनीतून

शहराचं नाव राहू दे. घर बदललं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आणि त्याला घरमालकाचा कागद लागतो: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. बसमध्ये रामरक्षेसारखा घोकत गेलो. खिडकीवरच्या बाईंना इंग्रजी कळत होतं, पण बोलल्या जर्मनच. शेवटी मागच्या रांगेतला एक सीरियन मुलगा मदतीला आला. त्याला येऊन दोनच वर्षं झालेली. सरकारी वर्गात ६०० तास भाषा आणि वर १०० तास इथले कायदे, इतिहास, समाज असं शिकला होता. मी चार वर्षं इंग्रजी बोलणाऱ्या ऑफिसात, माझं जर्मन बेकरीत पाव मागण्यापुरतं. निर्वासित तो, आणि दुभाषी लागला मला!

माँट्रियल

२०२२च्या ९६ क्रमांकाच्या कायद्यानंतर इथलं, म्हणजे कॅनडाच्या क्वेबेक प्रांताचं, सरकार नवागताशी सहा महिन्यांनी, आरोग्यासारखे अपवाद सोडले तर, फ्रेंचमध्येच बोलतं. दुकानात ‘बोंजूर-हाय’ असा फ्रेंच-इंग्रजी नमस्कार करतात, त्यावरूनही इथल्या विधानसभेनं २०१७मध्ये एकमतानं ठराव केला, की गिऱ्हाइकाचं स्वागत ‘बोंजूर’नं करा. आमचे मराठी मित्र यावर तावातावानं बोलतात. तेच मित्र मुंबईच्या पाट्यांवरून उलट बाजूनं तितकेच तावातावानं बोलतात. मीही त्यातलाच.

सोलापूर

आम्ही पद्मशाली. पणजोबा तेलंगणातून मागावर कामाला आले. आजी रेशनच्या दुकानात तेलुगूच बोलायची. दुकानदाराच्या घरी कन्नड, उत्तर मात्र मराठीत. हिशेब कधी चुकला नाही. मी मराठीत एम.ए. केलं. माझ्या मुलीला तेलुगू कळतं, बोलत नाही.

पुणे

मी परिचारिका. बांधकामावरची एक ओडिया बाई बाळाच्या लशीला आली, हिंदीही येत नव्हतं. लशीची पुढची तारीख कॅलेंडरवर गोल काढून भागली. पण तांबी बसवायची का, हे कसं विचारणार? तिनं मुकादमाला फोन लावून माझ्या हातात दिला. मी “काही नाही” म्हणून ठेवून दिला. आता त्याच वस्तीतल्या, सातवी शिकलेल्या एका ओडिया मजूरबाईचा नंबर टेबलाशेजारी भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवलाय. दुपारी जेवणाच्या सुट्टीतच ती फोन उचलते, म्हणून ओडिया बायकांना मी एक वाजता बोलावते.