मदत हवी आहे: मेंढीच्या पेशी फुटत नाहीत, सशाच्या फुटतात

प्रयोगवही: सीएच५० लावतेय (सीरममधली कॉम्प्लिमेंट प्रथिनं, म्हणजे सी१ ते सी९, अँटीबॉडी चढवलेल्या पेशी किती फोडतात ते मोजणारी चाचणी). मेंढीच्या लाल पेशींवर अँटीबॉडी चढवली, माणसाचं सीरम घातलं, ३७ अंशांवर १ तास. शून्य! त्याच सीरमनं सशाच्या पेशी झकास फुटल्या. सोमवारी आकडे द्यायचेत. अँटीबॉडी बदलू का?

गुरुवारकर: सीरम उणे २० ला होतं का? उणे ८० च लागतं. पुण्यात गुरुवारी वीज जाते, तेव्हा फ्रीजर बघता का?

सी३बी: सीरम मेलं असतं तर सशाच्या पेशी कशा फुटल्या? सी३ आणि सी५ ते सी९ शाबूत आहेत. अडतंय सी१, सी४, सी२ पाशी. बफर, म्हणजे पेशी ज्या द्रावणात आहेत ते, कोणतं?

प्रयोगवही: दोन्हीकडे एकच. व्हेरोनल-जिलेटिन, शेजारच्या लॅबमधून आणलंय.

वाय_आकार: अँटीबॉडी आयजीजी प्रकारची असणार. सी१क्यूला (सी१चा अँटीबॉडी पकडणारा भाग) सहा डोकी, पण सुट्या आयजीजीवर पकड सैल. जवळजवळ बऱ्याच बसायला लागतात. आयजीएम या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीचा एकच रेणू पेशीवर वाकून बसला तरी पुरतो. आयजीएम घ्या.

सी३बी: मान्य, पण आयजीजीनंही थोडं तरी फुटलं असतं. बाटलीवर नेमकं काय लिहिलंय?

प्रयोगवही: 'एमजी-ईजीटीए'. का?

सी३बी: मग तेच कारण! ईजीटीए कॅल्शियम ओढून घेतं. सी१चे तीन भाग, सी१क्यू, सी१आर, सी१एस, कॅल्शियमशिवाय एकत्र राहत नाहीत, त्यामुळे अँटीबॉडी कितीही चढवा, अँटीबॉडीपासून सुरू होणारा क्लासिकल मार्ग बंद. जंतूंवरच्या साखरा ओळखणारा लेक्टिन मार्गही बंद. अँटीबॉडीविना चालणाऱ्या पर्यायी मार्गाला मॅग्नेशियम पुरतं. त्यात सी३बी (सी३चा तुकडा) समोर येईल त्या पृष्ठभागाला चिकटतं; मेंढीच्या पेशींवर सियालिक ॲसिड (एक प्रकारची साखर) भरपूर, म्हणून फॅक्टर एच हे आवर घालणारं प्रथिन येऊन ते निकामी करतं. सशाच्या पेशींवर ते कमी, म्हणून फुटतात.
नवं बफर: कॅल्शियम ०.१५, मॅग्नेशियम ०.५ मिलिमोलर, जिलेटिन ०.१ टक्का. पीबीएस (साधं फॉस्फेट-मिठाचं बफर) नको, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं.

दवाखाना_नोंद: ल्युपस या आजाराच्या तपासणीसाठी असेल तर सरळ सी३, सी४ मोजा, एवढा खटाटोप कशाला?

सी३बी: त्यानं प्रमाण कळतं, काम कळत नाही. सी२ अजिबात नसेल तरी सी३, सी४ नॉर्मल येतात. सीएच५० मात्र शून्य.

प्रयोगवही: अँटीबॉडी चढवलेल्या पेशी टाकून देऊ?

सी३बी: नको. नव्या बफरमध्ये ३ वेळा धुवा, ईजीटीए राहता कामा नये. एक नळी सीरमशिवाय, एक डिस्टिल्ड वॉटरमध्ये पूर्ण फुटलेली, एक ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेल्या सीरमची. तापवलेल्यात पेशी फुटल्या तर गडबड दुसरीच आहे.

वाय_आकार: तरीही अँटीबॉडीचं टायट्रेशन कराच, म्हणजे वेगवेगळ्या प्रमाणांत घालून किती पुरते ते बघा. कमी पडली तर आकडा खोटा येईल.