नमाज अरबी की फारसी? आणि मग सलात म्हणजे काय?

एक शंका आहे. नमाज, रोजा, पैगंबर हे शब्द लहानपणापासून ऐकत आलेय आणि ते कुराणातलेच असणार असं धरून चालले होते, पण ऑफिसात एक मोरोक्कोची मुलगी आलीये, ती सलात आणि सौम म्हणते, नमाज तिला कळेचना. बरोबर शब्द कुठला?

– ताई, दोन्ही बरोबर. कुराणात नमाजला सलात, रोजाला सौम, पैगंबराला रसूल असंच आहे. नमाज, रोजा, पैगंबर, खुदा हे फारसी. दख्खनेत बहमनी काळापासून दरबारात फारसी चालायची, म्हणून आपल्याकडे हेच रुळले. तुर्कस्तान, बोस्निया, उझबेकिस्तान इकडेही नमाजच म्हणतात हं. आणि मला फार आवडते ती गोष्ट म्हणजे हा नमाज इस्लामच्या आधीपासून इराणात होता, वाकून वंदन करणं या अर्थाने, आणि आपल्या नमस्‌चा तो सख्खा भाऊ, मूळ एकच.

– इंडोनेशिया राहिलं की! २० कोटींच्या वर मुसलमान आहेत तिथे आणि रोजाला ते पुआसा म्हणतात, तो सरळ आपल्या उपवासावरून गेलाय. बकरी ईद तुर्कस्तानात कुर्बान बायराम, सेनेगलमध्ये तबास्की. लोक मुसलमान म्हटलं की अरब समजतात त्याचं वाईट वाटतं, जगातल्या मुसलमानांत अरब जेमतेम पाचवा हिस्सा असतील.

– पण नाव काहीही असो, नमाजमध्ये जे म्हणायचं ते अरबीतच, जकार्ता असो की मालेगाव, फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) तीच. तुर्कस्तानात १९३२ पासून अजान तुर्की भाषेत द्यायला लावली होती, लोकांच्या ते पचनी पडलंच नाही, १९५० मध्ये सरकार बदललं आणि लगेच अरबी अजान परत सुरू झाली. म्हणजे शब्द आपापले चालतात पण अजान मात्र जशी आली तशीच हवी, हे तिथल्या साध्या माणसांनी ठरवलं असं मी म्हणेन.

– आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, घरात बोली कोकणीच. आमच्यात शाफई पद्धत, घाटावर बहुतेक हनफी, म्हणजे सुन्नींमधल्या धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. केरळचे मापिळा मुसलमान आणि इंडोनेशियावालेही शाफईच, कारण इकडे इस्लाम गलबतांतून, अरब व्यापाऱ्यांबरोबर आला. तरी आम्ही नमाजच म्हणतो बरं का, सलात नाही.

– वा, हे माहीतच नव्हतं! मग मराठी लेखात काय लिहू?

– नमाज, रोजा खुशाल लिहा, ते आता मराठीच आहेत. फक्त ‘मुस्लिम धर्म’ लिहू नका, पेपरात सर्रास दिसतं म्हणून सांगतोय. धर्म इस्लाम, तो मानणारा माणूस मुस्लिम किंवा मुसलमान. मुसलमान हा शब्दही फारसीच्या वाटेने आलेला, त्यात कमीपणा काही नाही, आम्ही स्वतःला तेच म्हणतो.