‘व्हॉल्व’ला झडप म्हणावं का? कॉक, चावी, वॉल, पासिंग आणि पीआरव्ही

प्रश्न (रबाळे; पुढे प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं ठिकाण दिलं आहे)

टीटीसी (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्याच्या कार्यसूचना मराठीत करायच्या आहेत. मूळ कागदात गेट, ग्लोब, बॉल, बटरफ्लाय, चेक आणि पीआरव्ही असे व्हॉल्व आहेत. परिभाषेत व्हॉल्वला ‘झडप’ हा शब्द आहे, पण प्लांटमध्ये तो कुणाच्या तोंडी नाही. तिथे ‘वॉल’, ‘कॉक’ किंवा नुसतं ‘ते चाक’ म्हणतात. ‘झडप बंद करा’ असं लिहिलं तर चालेल का? आणि प्रत्येक प्रकाराला वेगळा मराठी शब्द आहे का?

कळवा

‘झडप’ हा शब्द कुणी ओढूनताणून केलेला नाही. लॅटिनमधल्या ‘व्हाल्व्हा’चा अर्थ दुमडत्या दाराची फळी, आणि आपल्याकडेही खिडकीची झडप, दाराची झडप म्हणतातच. दोन्ही भाषांनी हा शब्द दारावरूनच उचलला आहे.

अडचण वेगळी आहे. मराठी माणसाला झडप भेटते ती हृदयाची. रक्त पुढे गेलं की ती उघडते, मागे येऊ लागलं की मिटते, तिला कुणी चाक फिरवत नाही. त्यामुळे ‘झडप’ म्हटलं की आपली आपण मिटणारी वस्तू डोळ्यांसमोर येते. ‘झडप बंद करा’ हे म्हणूनच कानाला खटकतं. माझ्या मते हा शब्द चेक व्हॉल्वसाठी, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्वसाठी, राखून ठेवावा. तिथे बहुधा खरोखरच बिजागरीवर लटकलेली चकती असते आणि प्रवाहच तिला उघडतो, मिटतो.

बाकीच्या शब्दांचंही थोडं सांगतो. ‘तोटी’ म्हणजे पाणी पडतं ते तोंड, बंद करणारा भाग नव्हे. ‘नळ’ मुळात पोकळ नळी, पुढे तो टोकाच्या यंत्रणेलाही म्हणू लागले. ‘चावी’ हा मात्र अस्सल कामाचा शब्द आहे, आणि त्यावर पाणीपुरवठ्यातल्या कुणी लिहावं.

ठाणे, पाणीपुरवठा

चावी म्हणजे टी आकाराचा लांब लोखंडी पाना. रस्त्यातल्या चेंबरमध्ये स्लुस व्हॉल्वच्या स्पिंडलवर (आतलं गेट वर-खाली करणाऱ्या दांड्यावर) चौकोनी टोपी असते, तिच्यावर ही चावी बसवून फिरवायची. त्यावरूनच माणसाला चावीवाला म्हणतात. स्लुस व्हॉल्व हा गेट व्हॉल्वच. पाणीपुरवठ्यासाठी त्याचं भारतीय मानक आयएस १४८४६ आहे, ५० ते १२०० मिमी मापांसाठी.

जमिनीखालच्या या व्हॉल्वचा स्पिंडल वर येत नाही, म्हणून किती उघडला ते पाहून कळत नाही. फेरे मोजावे लागतात. ‘अर्धा उघड’ असं न लिहिता ‘बंद स्थितीपासून अमुक फेरे’ असं लिहिलं तरच दुसऱ्या पाळीच्या माणसाला नेमकं कळतं.

बंद करताना शेवटचे काही फेरे हळू द्यायचे, कारण गेटमध्ये प्रवाह खरा कापला जातो तो याच टप्प्यात. पोलादी पाइपात पाण्यातून दाबाची लाट सेकंदाला साधारण १२०० मीटर वेगाने धावते. १ मीटर प्रति सेकंद वेगाने चाललेलं पाणी एकाएकी थांबवलं, तर आधीच्या दाबावर आणखी सुमारे १२ बार चढतात. याला ‘जलाघात’ हा शब्द चांगला रुळला आहे. बोलताना आम्ही ‘दणका’ म्हणतो.

महापे, देखभाल

प्रत्येक प्रकाराला मराठी नाव शोधत बसू नका. गेट, ग्लोब, बॉल ही नावं स्टोअरच्या कार्डावर, ड्रॉइंगवर, बिलावर सगळीकडे तीच आहेत. कार्यसूचनेत नवं नाव आलं की माणूस लाइनवर जाऊन ‘हा कोणता?’ म्हणून शोधत बसेल. नाव आहे तेच देवनागरीत ठेवा आणि काम मराठीत सांगा.

‘वॉल’ मात्र लिहू नका. बोलताना ठीक आहे, पण कागदावर ‘वॉलजवळ उभे राहू नका’ आलं की भिंत वाटते. ‘व्हॉल्व’ लिहा.

‘कॉक’ हा शब्द सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. मूळचा कॉक म्हणजे भोक पाडलेला निमुळता प्लग, पाव फेऱ्यात उघडझाप. त्यामुळे बॉल व्हॉल्वला कॉक म्हटलं तर समजू शकतो. पण आपल्याकडे चाकवाल्या ग्लोबलाही कॉक म्हणतात. ‘कॉक हळूच उघड’ या सूचनेचा ग्लोबवर अर्थ अर्धा फेरा होतो. बॉलवर तेवढाच हात फिरला तर लाइन पूर्ण उघडून पुन्हा बंद व्हायची, मध्ये अडसर नसेल तर.

आता गेट आणि ग्लोब. बाहेरून दोघांनाही चाक, म्हणून ही जोडी सर्वाधिक चुकते. गेटमध्ये पाचर वर सरकते आणि प्रवाह सरळ जातो. ग्लोबमध्ये प्रवाह वळण घेऊन सीटच्या (व्हॉल्व बंद होताना टेकतो त्या जागेच्या) भोकातून वर येतो. ‘ग्लोब’ हे नाव जुन्या बॉडीच्या गोलाव्यावरून पडलं, आत गोळा नसतो. गोळा असतो तो बॉलमध्ये. नवीन मुलं इथे हमखास अडकतात.

रोधाचा फरक मोठा आहे. पूर्ण उघडा गेट व्हॉल्व पाइपच्या व्यासाच्या साधारण ८ पट लांबीच्या सरळ पाइपाइतका रोध करतो, ग्लोब साधारण ३४० पट. म्हणजे १०० मिमी लाइनवर गेट ०.८ मीटर पाइपाइतका, ग्लोब ३४ मीटर पाइपाइतका. पंपाच्या सक्शनवर ग्लोब का लावत नाहीत, ते यातून कळेल.

उलट गेट अर्धवट उघडा ठेवून प्रवाह कमी करायला जाऊ नये. पाचरेखालच्या फटीतून द्रव जोरात जातो, पाचर थरथरते आणि सीटवर ओरखड्यांसारख्या खाचा पडतात. मग तो व्हॉल्व पूर्ण बंद करूनही पास होतो. म्हणून सूचनेत गेटसाठी ‘पूर्ण उघडा’ किंवा ‘पूर्ण बंद करा’ एवढीच क्रियापदं हवीत. ‘कमी-जास्त करा’ हे ग्लोब, नीडल किंवा कंट्रोल व्हॉल्वसाठी.

रबाळे

‘पास होतो’ म्हणजे गळतो असंच लिहू ना?

महापे, देखभाल

नाही, आणि हा फरक मराठीने फार चांगला जपला आहे. गळणं म्हणजे बाहेर येणं. ग्लँडमधून (स्पिंडलभोवतीच्या पॅकिंगच्या जागेतून), फ्लँजच्या सांध्यातून थेंब दिसतो. पास होणं म्हणजे व्हॉल्व बंद असूनही आतल्या आत पलीकडे जाणं, बाहेर एक थेंब दिसत नाही. गळतीला ग्लँडचे नट दोन्हीकडे सारखे थोडे थोडे आवळा, नाही थांबलं तर दाब उतरवून पॅकिंग बदला. पासिंगला ग्लँड कितीही आवळलं तरी उपयोग नाही, उलट स्पिंडल जड होतो.

पासिंग पाहायचं तर व्हॉल्व बंद करून पुढचा ड्रेन उघडायचा. पाइपातलं साठलेलं निघून गेल्यावरही धार चालू राहिली तर व्हॉल्व पास आहे. पुष्कळदा सीटवर खडा किंवा वेल्डिंगचा कण बसलेला असतो. लाइन तशी असेल तर एक-दोन फेरे उघडून धुऊन जाऊ द्या आणि पुन्हा बंद करा. चाकात पाइप घालून जोर लावू नका, स्पिंडल वाकतो आणि मग सीटही जाते. भाषांतरात ‘पासिंग’ हाच शब्द ठेवा. ‘अंतर्गत गळती’ लिहिलं तर कुणीतरी बाहेर थेंब शोधत बसेल.

बॉल व्हॉल्वबद्दल एक ओळ सूचनेत घालाच: दांडा पाइपाच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद. पण दांडा काढून पुन्हा बसवला असेल तर स्टेमच्या डोक्यावरची खाच पाहा, ती भोकाची दिशा दाखवते. दांडा चुकीचा बसू शकतो, खाच खोटं बोलत नाही.

कोपरखैरणे

बटरफ्लायला ‘फुलपाखरू झडप’ असं एका सरकारी निविदेत वाचलं होतं. ते नको. पण बसवण्याची सूचना मराठीत नीट हवी, कारण चुका तिथेच होतात. रबर सीटचा वेफर बटरफ्लाय फ्लँजमध्ये घालताना चकती जवळजवळ बंद ठेवायची, पण तिची कड सीटबाहेर येऊ द्यायची नाही. बोल्ट हाताने लावून चकती पूर्ण उघडून पाहायची, शेजारच्या पाइपाच्या कडेला घासते का. मग समोरासमोरचे बोल्ट आलटूनपालटून आवळायचे. वेगळं गॅस्केट घालायचं नाही, सीटचं रबर तेच काम करतं. घट्ट बंद ठेवून आवळलं तर रबर दाबलं जातं आणि चकती अडकते. पाण्याला ईपीडीएम रबर चालतं, पण तेलात ते फुगतं, तिथे नायट्राइल रबर लागतं.

चेक व्हॉल्वला ‘झडप’ राखून ठेवायची कळव्याची सूचना पटली. मात्र साइटवर त्याला ‘एनआरव्ही’ (नॉन-रिटर्न व्हॉल्व) म्हणणं इतकं रुजलंय की ‘एनआरव्ही झडप’ असं जोडूनच लिहावं लागेल.

कळवा

मान्य. आणि सोसायटीच्या पंपाला ‘फूट व्हॉल्व’ म्हणतात तीही झडपच, सक्शन पाइपाच्या तळाची, जाळीसकट. तिच्यात कचरा अडकला की पाइपातलं पाणी टाकीत उतरतं आणि पंप हवा धरतो. ‘पंप हवा धरतो’ यात झडप राहिली नाही हे सगळं आलं.

तुर्भे, बॉयलर

पीआरव्हीबद्दल अजून कुणी बोललं नाही, आणि माणूस जखमी होईल तो या शब्दाने. ही तीन अक्षरं दोन वेगळ्या वस्तूंना वापरतात. एक दाब उतरवणारा (प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व), दुसरा जादा दाब बाहेर सोडणारा (प्रेशर रिलीफ व्हॉल्व). दोघांचं वागणं नेमकं उलट आहे. दाब उतरवणारा एरवी उघडा असतो, पुढच्या बाजूचा दाब पाहतो आणि तो चढू लागला की मिटत जातो. दाब सोडणारा एरवी बंद असतो, आधीच्या बाजूचा दाब पाहतो आणि तो ठरल्या आकड्याला पोचला की उघडतो.

वाफेच्या लाइनवर दोन्ही जवळजवळ बसतात. समजा १० बार वाफ ३ बारवर आणायची आहे. आधी गाळणी, मग दाब उतरवणारा व्हॉल्व, त्याच्या पुढे ३ बारच्या बाजूला सेफ्टी व्हॉल्व. पहिला उघडा राहून अडकला तर दुसऱ्याने पूर्ण प्रवाह बाहेर टाकला पाहिजे. कागदावर दोघांनाही ‘पीआरव्ही’ लिहिलं आणि कुणी ‘पीआरव्ही बंद करा’ म्हटलं, तर काय होईल ते सांगायला नको. सेफ्टी व्हॉल्वच्या आधी बंद करणारा व्हॉल्व ठेवत नाहीत, तो याच भीतीने.

माझा आग्रह असा: ‘दाब-उतार व्हॉल्व’ आणि ‘सुरक्षा व्हॉल्व’ अशी मराठी नावं इथे जरूर लिहा. महाप्यांचा नियम या एका ठिकाणी मोडावा लागेल. मूळ कागदात नुसतं पीआरव्ही असेल तर ड्रॉइंगवरची खूण पाहिल्याशिवाय भाषांतर करू नका.

ठाणे, पाणीपुरवठा

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्येही हाच घोळ आहे. उंचीच्या दर १० मीटरला सुमारे १ बार दाब. ९० मीटर वरच्या टाकीखाली तळमजल्याच्या नळावर ९ बार येतील, म्हणून मधल्या मजल्यांवर पीआरव्ही बसवतात. तो दाब-उतार आहे. ‘जादा दाब सोडणारा’ समजून त्याच्या पुढचं तोंड कुठे उघडतं हे शोधणारे प्लंबर आहेत.

रबाळे

सगळ्यांचे आभार. वाफेच्या लाइनची सूचना अशी केली आहे:

‘१. ड्रेन उघडून साचलेलं पाणी पूर्ण काढा. २. मुख्य ग्लोब व्हॉल्व अर्धा फेरा उघडा. ३. लाइन गरम होऊन ड्रेनमधून कोरडी वाफ येऊ लागली की ड्रेन बंद करा. ४. मुख्य व्हॉल्व सावकाश पूर्ण उघडा.’

तुर्भे, बॉयलर

चौथ्यापुढे जोडा: ‘आणि अर्धा फेरा मागे घ्या.’ पूर्ण उघडून तसाच घट्ट ठेवला तर तो वरच्या टोकाला अडकतो. शिवाय नंतर आलेल्याला चाक फिरत नाही म्हणून बंद आहे असं वाटतं आणि तो उघडण्याच्याच दिशेने आणखी जोर लावतो. पहिल्या ओळीत ‘ड्रेन’ नका लिहू, ‘ड्रेन व्हॉल्व’ लिहा. कामगार ड्रेन म्हणजे खालचं गटार समजतात.