तपस्तब्धीत नक्की काय स्तब्ध होतं?

पानगळ: विमानप्रवासावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. 'जेट प्रवाह तपस्तब्धीच्या लगत वाहतात' असं लिहिलं. पहिल्याच वाचणाऱ्याने अडवलं: "जिथे सगळं स्तब्ध, तिथे ताशी 200 किलोमीटरचे वारे कसे?" ट्रोपोपॉजला तपस्तब्धीशिवाय दुसरा शब्द आहे का? मजकूर उद्या द्यायचाय.

निरभ्र: स्तब्ध होते ती हवा नव्हे, तापमानाची घट. वर जाताना दर किलोमीटरला सरासरी 6.5 अंशांनी तापमान उतरतं. ध्रुवांवर साधारण 8, विषुववृत्तावर 16-18 किलोमीटरवर हे उतरणं थांबतं. शब्द नेमका आहे, फक्त त्यातला 'तप' विसरू नका.

शब्दवेडा: नेमका? मग खालच्या थराला तपांबर का म्हणायचं? वर जावं तसं गारठतच जातं. ग्रीक 'ट्रोपोस' म्हणजे वळणं, फिरणं. या थरात हवा सतत खालीवर घुसळते, म्हणून ते नाव. हिंदीतलं 'क्षोभमंडल' त्या अर्थाला धरून आहे. सरळ 'क्षोभसीमा' लिहा.

जुनीवही: मराठीत क्षोभ म्हणजे संताप! 'जनक्षोभ उसळला' असं म्हणतो आपण. आणि अंबर का सोडायचं? अंबर म्हणजे आकाश, आणि वस्त्रही: पीतांबर, दिगंबर. तपांबर, स्थितांबर, मध्यांबर पाठ करताना मला पृथ्वीने एकावर एक पांघरलेली वस्त्रंच दिसायची. 'मंडल' म्हटलं की नुसतं वर्तुळ दिसतं.

शब्दवेडा: चित्र सुंदर आहे, पण 'स्थितांबर' हे तपांबराच्या वरच्या थराचं नाव चुकीचं सांगतं. फ्रेंच हवामानशास्त्रज्ञ तेसराँ द बोर यांनी 1902 मध्ये फुग्यांच्या नोंदींवरून हा थर जगापुढे मांडला, तेव्हा तिथे तापमान स्थिर दिसलं होतं. प्रत्यक्षात ओझोन अतिनील किरण शोषतो, त्यामुळे वर वर तापमान वाढत जातं. नावात जुना समज तसाच राहिला.

निरभ्र: मग हिंदीतलं 'समतापमंडल' तरी काय वेगळं सांगतं? उलट 'स्थित' हवेलाही लागू पडतं. खाली गार, वर उबदार, त्यामुळे तिथे हवा उभी घुसळत नाही. शिवाय चुकीच्या समजातून आलेली नावं टिकतातच की. ऑक्सिजन म्हणजे 'आम्ल निर्माण करणारा'. हे नाव देणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला सगळ्या आम्लांत तो असतो असं वाटलं होतं.

जुनीवही: म्हणूनच मी प्राणवायू लिहिते.

शब्दवेडा: आयुर्वेदातला प्राण हा प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पाचांतला एक. तो शरीरातला व्यापार आहे, हवेतला 21 टक्के घटक नव्हे. जुन्या शब्दावर नवा अर्थ लादला की दोन्हीकडे घोटाळा होतो.

पानगळ: आणि ट्रोपोपॉज?

निरभ्र: तपस्तब्धीच ठेवा. पुढे 'म्हणजे तापमानाची घट जिथे थांबते ती सीमा' एवढं जोडा.

कोरडवाहू: शब्द वापराने जगतो, ताई. हवेत 78 टक्के असूनही नत्रवायू मागे पडला, सगळे नायट्रोजन म्हणतात. पण खताची गोष्ट निघाली की आमच्या तोंडी नत्र, स्फुरद, पालाश हेच.

जुनीवही: स्फुरद किती चपखल! 'स्फुर्' म्हणजे चमकणंही, आणि ग्रीक 'फॉस्फरस' म्हणजे प्रकाश आणणारा. पण पोटॅशला पालाश कशावरून? पळसाशी नातं असेल का?

शब्दवेडा: मला तर त्यात पोटॅशचाच ध्वनी ऐकू येतो.