मदत हवी आहे: अभिनेत्री साधनासारखा अंगाबरोबरचा कुर्ता

तुरपाई करताना समोर जुना सिनेमा लावलेला असतो. परवा 'वक्त' (1965) बघताना हातातली सुई थांबलीच! साधनाचे ते बिनबाह्यांचे, अंगासरशी बसणारे कुर्ते आणि चुडीदार. आपल्या कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैयांचं काम, किती देखणं!

तसाच कुर्ता सुती कापडात शिवायचाय, ताणणारं कापड नको. छातीपासून कमरेखालपर्यंत उभे टक्स (फिटिंगसाठी शिवलेल्या निमुळत्या चुण्या) घेतले की कंबर सुरेख बसते, पण मुंढ्याशी (बाहीच्या जागेच्या गोलाईशी) कापड सुटतं आणि बसल्यावर पोटावर ओढ येते. मुंढ्यापाशी आणखी एक टक्स घ्यावा का? कमरेला लूज किती सोडू? चेन बाजूला की पाठीत? चुडीदार उरेब (तिरप्या कापडात) कापते, त्याची अडचण नाही. कुणी शिवला असेल तर कटिंगचा फोटो नक्की टाका.